एसपीएसएस, आर, जमोवी की नुसतं एक्सेल? थिसिसच्या डेटासाठी कोणाच्या नादी लागावं

"दादा, डेटा तर झाला गोळा, आता एसपीएसएस शिकू का आर?" (दोन्ही आकड्यांचं ॲनालिसिस करायची सॉफ्टवेअरं) हा मेसेज दरवर्षी मे महिन्यात येतोच, जळगावचं ऊन ४५ वर गेलं अन थिसिसची तारीख जवळ आली की समजायचं कोणाचातरी फोन येणार. यंदा दोन आले. एक मावसबहिणीचा, ती धुळ्याला एमएस्सी ॲग्री करते, यावलकडे एका शेतकऱ्याच्या मळ्यात केळीवर ठिबकमधून खत द्यायच्या आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन (प्रत्येक ट्रीटमेंट तीनदा), म्हणजे चोवीस प्लॉट. दुसरा माझ्या वर्गमित्राचा, तो डॉक्टर आहे, एमडीच्या थिसिससाठी नंदुरबार भागातल्या सिकलसेलच्या ११२ पेशंटचे फॉर्म भरून घेतलेत. प्रश्न दोघांचा एकच, पण उत्तर मी दोघांना वेगवेगळं दिलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

पहिले एक सांगतो, पद्धत तीच लावली तर उत्तर चारही ठिकाणी सारखंच येतं. एफ व्हॅल्यू (ट्रीटमेंटमध्ये खरा फरक आहे का ते सांगणारा आकडा) एफ व्हॅल्यूच असते, ती काय सॉफ्टवेअर बघून बदलत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीने. सहा महिन्यांनी गाईड म्हणतात "तो सीएमव्ही (केळीवरचा व्हायरस) आलेला प्लॉट काढून परत कर बरं", तेव्हा तुम्हाला पाच मिनिटं लागतात का दोन रात्री. मी तर निवड यावरच करतो.

एक्सेल. सगळ्यांकडे आहे, सगळ्यांना वाटतं येतं. त्यातला ॲनालिसिस टूलपॅक चालू केला तर आरबीडीचा (शेताचे ब्लॉक पाडून केलेल्या प्रयोगाचा) अनोव्हासुद्धा (सरासऱ्यांमधला फरक तपासायची पद्धत) निघतो, 'टू फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन' या नावाखाली (नाव वाचून घाबरायचं नाही, रेप्लिकेशन हाच तिथे दुसरा फॅक्टर असतो). पण सीडी (क्रिटिकल डिफरन्स, दोन ट्रीटमेंटमध्ये निदान किती फरक असला तर तो खरा मानायचा ते) देत नाही, ती हाताने काढायची. बहिणीच्या घडाच्या वजनाचं बघा, एरर मीन स्क्वेअर (ट्रीटमेंट अन रेप्लिकेशन सोडून उरलेला चढउतार) आला २.९४, रेप्लिकेशन ३, म्हणून दोन गुणिले २.९४ भागिले ३, झाले १.९६, त्याचं वर्गमूळ १.४, अन १४ डिग्री ऑफ फ्रीडमला (हिशोबात मोकळे उरलेले आकडे, इथे ७ गुणिले २) ५ टक्क्यांचा टी, म्हणजे टी-टेबलातला आकडा, आहे २.१४५, गुणाकार केला की सीडी ३ किलो. म्हणजे टी५ (पाचवी ट्रीटमेंट) चा घड २४.१ अन टी३ चा २२.३ असेल तर ते ॲट पारच, म्हणजे बरोबरीचेच, दीड-दोन किलोच्या फरकावर "टी५ सर्वोत्तम" असं लिहायचं नाही. हे एकदा हाताने कराच असं मी सगळ्यांना सांगतो, मग पुढे कुठलंही सॉफ्टवेअर काय थुंकतंय ते कळतं.

एक्सेलचा खरा त्रास एंट्रीत आहे. प्लॉट नंबर २-३ टाकला की तो गुपचूप ०२-मार्च होतो. हसू नका, जनुकशास्त्रवाल्यांचंही हेच झालं, त्यांच्याकडे सेप्ट आणि मार्च अशा नावांचे जीन्स होते, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या कमिटीने जीन्सचीच नावं बदलली. ते आपोआप रूपांतर बंद करायचा ऑप्शन एक्सेलमध्ये आला तो २०२३ मध्ये. अन त्याच २०२० मध्ये ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ केसेस यादीतून गळाल्या, कारण जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ च ओळी मावतात. आपल्या चोवीस प्लॉटला ती भीती नाही, पण कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर टी२आर३ असं लिहा. एवढी काळजी घेतली तर डेटा भरायला एक्सेल झकास. ॲनालिसिसला नको.

ॲग्रीवाल्यांसाठी मधला एक रस्ता आहे, ओपीस्टॅट. हिसारच्या कृषी विद्यापीठाचं, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट. एक्सेलमधनं आकडे कॉपी-पेस्ट, ट्रीटमेंट ८, रेप्लिकेशन ३, बटन दाबलं की अनोव्हा, सीडी, एसई(एम), एसई(डी), सीव्ही (सरासरी किती हलू शकते अन आकडे किती विखुरलेत ते सांगणारे आकडे) सगळं तयार, आपल्याकडच्या थिसिसच्या टेबलाला जे लागतं तेवढंच. स्प्लिट प्लॉटही (मोठ्या प्लॉटात छोटे प्लॉट पाडलेला प्रयोग) होतो. अर्ध्या तासात काम उरकतं. पण आलेख काढायचा झाला, मिक्स्ड मॉडेल लावायचं झालं, तर तिथे थांबावं लागतं, अन तुम्ही काय पेस्ट केलं होतं त्याची नोंद कुठेच राहत नाही. पेस्ट करताना एक ओळ सुटली तर देव जाणे.

आता एसपीएसएस. १९६८ पासूनचं जुनं खोड, २००९ मध्ये आयबीएमने घेतलं. मेडिकल, सोशल सायन्स, मॅनेजमेंटवाल्यांच्या गाईडना हेच माहीत असतं. फॉर्मवरचा डेटा भरायला व्हेरिएबल व्ह्यू मस्त, १ म्हणजे पुरुष, २ म्हणजे स्त्री असे लेबल लावले की टेबलात सरळ नावं येतात. एक गोष्ट मला त्याची फार आवडते. डॉक्टर मित्राने काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघणारी चाचणी) लावला, पी (संबंध नसताना नुसत्या योगायोगाने असा निकाल यायची शक्यता, ०.०५ च्या खाली हवी) आला ०.०३, गडी खूश, लगेच पेढ्याची भाषा. मी म्हटलं भो, टेबलाच्या खालची बारीक ओळ वाच. तिथे लिहिलेलं होतं की ५० टक्के खान्यांमध्ये एक्स्पेक्टेड काउंट (संबंध नसता तर त्या खान्यात जेवढे पेशंट यायला हवे होते तो आकडा) ५ पेक्षा कमी आहे. म्हणजे या ठिकाणी काय-स्क्वेअरवर भरवसा ठेवायचा नाही, फिशर एक्झॅक्ट (कमी आकड्यांसाठीची चाचणी) बघायचा, अन दोन बाय दोनच्या टेबलात तो एसपीएसएस न मागता खालीच देतं. त्याचा पी निघाला ०.०७. पेढे कॅन्सल. आर पण अशा वेळी वॉर्निंग देतं, पण ती लाल अक्षरं पोरं एरर समजून स्क्रोल करतात. जमोवीत फिशर अन एक्स्पेक्टेड काउंट दोन्हीला स्वतःच टिक करावी लागते, म्हणजे आधी ते माहीत पाहिजे.

एसपीएसएसचं दुखणं पैशाचं. बेस वेगळा, वरचे मॉड्यूल वेगळे, अन ट्रायल थोड्या दिवसांची. मग आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पेनड्राइव्हवरचं क्रॅक. मी पण वापरलंय, लपवत नाही. थिसिसच्या वेळी गाईडने तीन प्लॉट काढायला सांगितले अन माझे अकरा कॅरेक्टर (मोजलेले गुण) होते, उंची, पानं, फण्या, निसवायला लागलेले दिवस वगैरे, प्रत्येकाला परत मेनू, परत क्लिक, परत टेबल वर्डमध्ये, सकाळी पाचला झालं. तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं की त्या डायलॉगमध्ये ओकेच्या बाजूला पेस्ट नावाचं बटन आहे, ते दाबलं की सगळी कमांड सिंटॅक्स म्हणून लिहून मिळते, पुढच्या वेळी नुसती रन करायची. चूक सॉफ्टवेअरची नाही, माझीच. तुमच्या डिपार्टमेंटला लायसन्स असेल तर खुशाल एसपीएसएस वापरा, फक्त पेस्ट दाबत जा, अन रीकोड करताना (आकड्यांचे नवे गट पाडताना) 'सेम व्हेरिएबल' वर करू नका, मूळ आकडे पुसले जातात.

लायसन्स नसेल तर जमोवी. फुकट, दिसायला एसपीएसएससारखंच, एसपीएसएसची फाइल पण उघडतं, अन आतून चालतं आरवर. डेटा बदलला की रिझल्ट आपोआप बदलतो, डेटा अन रिझल्ट एकाच फाइलीत राहतात, अन सिंटॅक्स मोड चालू केला तर प्रत्येक टेबलामागचा आरचा कोड दिसतो. डॉक्टरला मी हेच टाकून दिलं, ओपीडी सांभाळून त्याच्याच्याने कोड होणार नव्हता. जॅस्प म्हणून त्याचा मोठा भाऊ आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठाचा, बेझियन (संख्याशास्त्राची वेगळी पद्धत) करायचं असेल तर तो बघा.

राहिलं आर. ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलं, १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला, फुकट. पहिला आठवडा रडवतं. कंस एक कमी, स्वल्पविराम एक जास्त, कॅपिटल अक्षर चुकलं, झालं. गावाकडे नेट नसेल तर पॅकेजं आधीच उतरवून ठेवावी लागतात. आजकाल पोरं चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेतात, चालतं, पण शीट दाखवली नाही तर त्याला ती दिसत नाही ना. बहिणीने तसाच कोड चालवला, एररही नाही आला, रिझल्ट पाठवला. मी बघितलं तर ट्रीटमेंटचे डिग्री ऑफ फ्रीडम १! आठ ट्रीटमेंट असतील तर ७ पाहिजेत ना, रेप्लिकेशनचे २, एररचे १४, एकूण २३. तिच्याकडे आलेले १, १ अन २१. तिने ट्रीटमेंटच्या कॉलममध्ये १ ते ८ नुसते आकडे टाकलेले, आरला वाटलं हे वजनासारखं मोजमाप आहे, त्याने सरळ रेघ ओढून दिली. ट्रीटमेंट अन रेप्लिकेशन दोन्ही कॉलम फॅक्टर केले, म्हणजे ही मोजमापं नाहीत, गटांची नावं आहेत असं आरला सांगितलं, की नीट आलं. ती रडवेली झाली होती, म्हटलं कसाले घाबरस, हे सगळ्यांचं होतं, डिग्री ऑफ फ्रीडम आधी कागदावर लिहायचे अन मग रिझल्टशी जुळवायचे.

तरीपण तिला मी आरच शिक म्हटलं. तिच्याकडे वर्ष आहे, पुढे पीएचडी करायची आहे, अन ॲग्रिकोली नावाच्या पॅकेजमध्ये एलएसडीपासून (म्हणजे आपली सीडीच) स्प्लिट प्लॉटपर्यंत सगळं आहे. अकरा कॅरेक्टर असले तर एक लूप, प्लॉट काढायचा तर एक ओळ. डॉक्टरकडे मात्र तीन आठवडे होते, त्याला आर सुचवणं म्हणजे लग्नाच्या दिवशी पोहायला शिकवणं. एसएएस, स्टाटा, पायथॉन यांचं मी लिहित नाही, ज्याला ते लागतं त्याला आधीच माहीत असतं. ओपीस्टॅट मात्र बहिणीने पण ठेवावं, आरची सीडी अन तिथली सीडी जुळली की रात्री झोप लागते.

तर ताई, रविवारी सावद्याला ये, लॅपटॉप अन चार्जर दोन्ही आण, मागच्या वेळी चार्जर विसरली होतीस. अन त्याआधी शीटमधली ती मर्ज केलेली रंगीत हेडिंगं काढून टाक, एका ओळीत एक प्लॉट, चोवीस ओळी, बस.