एसओडी१ की सीएचसीएचडी१०?

मोटर न्यूरॉन आजारात (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात) बिघडलेली ही दोन्ही जनुकं मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या वीजघराला, नडतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. एसओडी१चं (आजाराशी नातं १९९३मध्ये कळलं) चुकीची घडी पडलेलं प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला चिकटतं. सीएचसीएचडी१०चं (नातं २०१४मध्ये कळलं) प्रथिन मुळात दोन पडद्यांच्या मध्येच राहतं. ते बिघडलं की आतल्या पडद्याच्या घड्या मोडतात. या जनुकातल्या एस५९एल नावाच्या बदलात तर स्नायूच्या बायोप्सीत फाटक्या कडांचे लाल तंतू (मायटोकॉन्ड्रिया बिघडल्याची खूण) दिसतात.

कोल्हापुरातून पुण्या-मुंबईच्या लॅबला दोन्ही जनुकांच्या तपासणीसाठी एकच नमुना जातो: जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये तीनेक मिली रक्त. ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा. गुठळी झाली की नमुना बाद.

आधी एसओडी१च बघावं. टोफर्सन हे औषध (१०० मिग्रॅ, कमरेतून मणक्यात टोचून) फक्त त्यालाच चालतं. सीएचसीएचडी१०मध्ये पी३४एस हा बदल आला तर लगेच घाबरू नये, तो निरोगी माणसांतही सापडतो.