ट्वायलाइट: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

कुणी मला हा प्रश्न विचारला की मी उलट विचारते, नायिका बेलाच्या डोक्यात मुक्काम ठोकायची तयारी आहे का? स्टेफनी मायरच्या 2005 सालच्या या कादंबरीत जवळजवळ 500 पानं तोच मुक्काम आहे. सतरा वर्षांची मुलगी फिनिक्सचं ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या चिंब गावात वडिलांकडे राहायला येते आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या एडवर्ड नावाच्या मुलाच्या नजरेचा कीस पाडत बसते. तो आठवडाभर आला का नाही? त्या दिवशी काळे होते ते डोळे आज सोनेरी कसे? मला हे सगळं प्यारं आहे, पण जांभया देत पुस्तक मिटणाऱ्या मैत्रिणीही मला आहेत.

कॅथरिन हार्डविकचा 2008 चा सिनेमा दोन तासांत सगळं आटोपतो, आणि पहिली गफलत होते ती बायोलॉजीच्या वर्गात. पुस्तकात एडवर्ड मुठी आवळून बाकाच्या टोकाला सरकून बसतो, का ते कळत नाही, आणि बेलाबरोबर आपणही अपमानित होतो. सिनेमात पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस उडतात आणि एडवर्ड झालेला रॉबर्ट पॅटिन्सन असा चेहरा करतो की त्याला मळमळतंय असंच वाटावं. थिएटरात लोक हसले. खरं सांगायचं तर मीही हसले.

एडवर्ड व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारा पिशाच, आहे हे गुपित फुटण्याचा प्रसंग तर दोन्हीकडे वेगळाच आहे. पुस्तकात पोर्ट एंजेलिस या जवळच्या शहरातून परतताना, रात्री, एडवर्डच्या धावत्या व्होल्व्हो कारमध्ये बेला तिचा मित्र जेकब याच्याकडून ऐकलेली दंतकथा सांगून टाकते, आणि तू कोण आहेस याने मला काही फरक पडत नाही म्हणते. घाबरतो तो एडवर्डच. सिनेमात ती त्याला दिवसाउजेडी जंगलात नेते आणि ती पाठमोरी उभी असताना तो तिच्याकडून ‘व्हॅम्पायर’ हा शब्द वदवून घेतो. पडद्यावर ते झकास दिसतं, पण गाडीतला तो कोंडलेला अंधार मला जास्त आवडतो. उन्हात चमकणाऱ्या एडवर्डच्या कातडीचंही तसंच. कुरणातल्या त्या दुपारी मायर जीव ओतते. (ही कादंबरी सुचली तीच मुळी तिला पडलेल्या कुरणाच्या स्वप्नातून.) सिनेमात मात्र ती चमक क्षणभर येते आणि अंगाला चमकी फासल्यासारखी वाटते.

आधी सिनेमा पाहण्यातला मोठा तोटा वेगळाच आहे. पुस्तकात जेम्स, व्हिक्टोरिया आणि लॉरेंट हे माणसं मारणारे तीन व्हॅम्पायर अगदी उशिरा, एडवर्डच्या घरच्यांच्या बेसबॉलच्या खेळात अचानक उगवतात आणि प्रेमकथा एकदम पाठलाग होऊन बसते. सिनेमा त्यांना सुरुवातीपासून माणसं मारताना दाखवतो. कथेला वेग येतो, पण धक्का जातो. उलट शेवटची मारामारी पुस्तकात नीट हाती लागतच नाही, कारण सांगणारी बेलाच बेशुद्ध पडते. ती पाहायची तर पडद्यावरच.

सिनेमाच्या बाजूने माझी दोन मतं. एक बेसबॉलला: गडगडाट, म्यूझ या बँडचं गाणं, आणि एडवर्डची बहीण ॲलिस हिचा पाय वर करून चेंडू फेकायचा तो नखरा. पुस्तकातला हाच खेळ मी दर वेळी भराभर वाचते. दुसरं मत चार्लीला. पुस्तकातला हा बाप बहुतेक वेळा लेकीने रांधलेलं जेवतो आणि टीव्हीसमोर बसतो. बिली बर्कचा चार्ली तिला हॉटेलात जेवायला नेतो, अवघडतो, आणि लेक मित्राला आत आणतेय म्हटल्यावर हातातली बंदूक खटकन बंद करतो. बाप-लेकीचं असं न बोलता चाललेलं प्रेम मायरला इतकं साधलेलं नाही.

आणि एडवर्ड रात्री चोरून तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघत बसतो, ते? दोन्हीकडे आहे, दोन्हीकडे खटकतं. पुस्तकात निदान बेलाच्या नादावलेल्या डोक्यातून आपण ते पाहतो. पडद्यावर तो आडपडदाही राहत नाही.

तेव्हा, पुस्तक आधी घ्या आणि तेराव्या प्रकरणापर्यंत, म्हणजे कुरणापर्यंत वाचा. तिथवर पोचूनही दोघांची बडबड नकोशी वाटत असेल तर पुस्तक मिटून सरळ सिनेमा लावा. पण रात्रीचा एक वाजलाय आणि दिवा मालवावासा वाटत नाहीये, असं झालं, तर पुस्तक संपेपर्यंत सिनेमाचा ट्रेलरसुद्धा बघू नका.