पाच बोटांचे मोजे: फोडांसाठी जरूर घ्या, काळ्या नखांसाठी नको

प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले हे मोजे मी दोन त्रासांसाठी घेतले. एक, करंगळीच्या बेचक्यात येणारे फोड. दुसरा, अंगठ्याचं काळं पडलेलं नख. फोड थांबले. नखाच्या बाबतीत मात्र मोजे काहीच करत नाहीत, आणि धावणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

फोड का थांबतात ते कळायला सोपं आहे. माझी करंगळी शेजारच्या बोटाखाली मुडपते. घामाने ओली झालेली कातडी कातडीवर घासत राहते आणि तासाभरात चुरचुरायला लागतं. या मोज्यांत मध्ये कापड येतं. लांब पल्ल्यानंतर मोजा काढला तरी बेचकं कोरडं असतं. घामाने चिखल्या होणाऱ्यांनाही याचा फायदा होईल, पण झालेल्या चिखल्यांना मलमच लागतं.

घालायला वेळ लागतो. पाय जरा जरी ओला असेल तर करंगळी आत शिरत नाही. घेताना मोजा उलटा करून बोटांच्या टोकाशी शिवण चाचपून बघा. तिथे जाड गाठ लागली तर ती जोडी परत ठेवा.

आता नख. धावताना बोट बुटाच्या टोकावर पुन्हा पुन्हा आपटतं, नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं दिसतं. उतारावर पाय पुढे सरकतो, म्हणून तिथे जास्त. मोजा हे कसं थांबवणार? उलट बोटाबोटाभोवती कापड आल्याने घट्ट बूट आणखी घट्ट होतो. माझा त्रास बुटामुळे होता आणि बूट बदलल्यावरच गेला. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि अनेकांचं सर्वांत लांब बोट अंगठ्याशेजारचं असतं. बूट संध्याकाळी, हेच मोजे घालून बघा; दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. लेसच्या शेवटच्या दोन भोकांतून दोन्हीकडे छोटा फास करा आणि समोरची लेस त्यातून ओढून बांधा. टाच मागे पक्की बसते, पाय पुढे घसरत नाही.

डाग लगेच जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं; अंगठ्याचं पूर्ण नवं यायला 12 ते 18 महिने लागतात. रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागून स्वच्छ नख येतं. तसं होत नसेल, उभा काळा पट्टा रुंदावत असेल किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर धावण्याचा मार म्हणून सोडून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा, कारण मेलानोमा हा कर्करोग असाही दिसतो. नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं असेल तर बुरशीची शक्यता असते. नखाचा तुकडा तपासून घेतल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका. त्या बहुधा 12 आठवडे घ्याव्या लागतात.

मोज्यांचं टिकणं ठीकठाक. अंगठ्याच्या टोकाशी आधी विरतात, म्हणून नखं सरळ आणि वेळेवर कापा. पुढची जोडी मी हीच घेणार, फक्त पातळ कापडाची.