मुलांच्या घरकामासाठी ‘हॅबिटिका’ : पालकाच्या नजरेतून एक परीक्षण

‘हॅबिटिका’ हे अ‍ॅप मुळात मोठ्या माणसांना स्वतःला चांगल्या सवयी लावून घेता याव्यात म्हणून तयार झाले. २०१३ मध्ये ते ‘हॅबिटआरपीजी’ या नावाने सुरू झाले, पुढे नाव बदलले, आणि आज ते अँड्रॉइड, आयफोन व संगणकावर विनामूल्य वापरता येते. मुलांनी घरकाम करावे म्हणून खास बनवलेली अ‍ॅप इतरही आहेत; परंतु त्यांपैकी अनेकांचा पाया पॉकेटमनी हाच असतो, म्हणजे काम केले की पैसे जमा. स्वतःच्या घरातले ताट उचलण्याचे पैसे मुलांना मिळावेत, हे मला मान्य नाही. म्हणून आठवीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा यांच्यासाठी मी हे अ‍ॅप निवडले. धाकट्याचे वेगळे खाते मी काढले नाही. त्याची कामे माझ्याच खात्यात लिहिली आहेत.

अ‍ॅपमध्ये प्रत्येकाचे एक चित्ररूप पात्र असते आणि त्याला ५० गुणांची प्राणशक्ती मिळते. सवयी, रोजची कामे आणि एकदाच करायची कामे असे तीन रकाने असतात. काम करून खूण केली की पात्राला अनुभवाचे गुण आणि सोन्याची नाणी मिळतात, त्यांतून पोशाख व शस्त्रे घेता येतात, अंड्यांतून प्राणी जन्माला घालता येतात. रोजचे काम राहिले तर प्राणशक्ती घटते आणि ती संपली की पात्र एक पातळी खाली येऊन हातातली सगळी नाणी गमावते. बक्षिसे आणि त्यांची किंमत आपणही ठरवू शकतो. आमच्याकडे नाण्यांच्या बदल्यात रविवारच्या नाश्त्याला काय करायचे ते ठरवण्याचा हक्क मिळतो. फोनवरचा वेळ मात्र बक्षीस म्हणून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण मग घरकाम ही फोन मिळवण्याची किंमत होऊन बसते.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय म्हणजे एकाच कामाखाली लिहिता येणारी उपकामांची यादी. धाकट्याने पाण्याच्या बाटल्या भरल्याची खूण केली, तेव्हा ओट्यावर बाटल्या झाकणांविना उभ्या होत्या आणि त्यांच्याखालचे फडके पार भिजून गेले होते. त्याच्या दृष्टीने काम झाले होते आणि त्यात खोटे काही नव्हते. काम कुठे संपते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मग त्या कामाखाली ‘झाकणे लावणे’, ‘ओटा पुसणे’, ‘बाटल्या फ्रिजमध्ये ठेवणे’ अशा ओळी लिहिल्या. केर काढण्याचेही तसेच केले : खुर्च्या बाजूला घेणे, पलंगाखालून केरसुणी फिरवणे, केर सुपलीत भरून टाकणे. यादीतले अर्धे झाले तर प्राणशक्तीचा तोटाही त्या प्रमाणात कमी होतो, आणि हा न्याय मुलांना लगेच पटतो.

तरीही नाणी आणि बक्षिसे हे या अ‍ॅपचे खरे बळ आहे, असे मी म्हणणार नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ मधला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र देऊ’ असे आधी सांगून ते दिले, तेव्हा पुढे ती मुले आपणहून चित्रे काढण्यात इतरांपेक्षा बरीच कमी रमली. केर काढण्याची कुणाला उपजत आवड नसते, त्यामुळे हा निष्कर्ष घरकामाला जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु कुंड्यांना पाणी घालणे किंवा पोळ्या लाटणे यांसारखी जी कामे मुले हौसेने करतात, ती यादीत घालू नयेत एवढे तरी त्यातून घ्यावे. आम्ही ती घातली नाहीत.

खरे बळ आहे ते गटात. घरातली माणसे एक गट करून एखाद्या राक्षसाशी लढू शकतात. प्रत्येकाच्या पूर्ण झालेल्या कामाने राक्षसाला मार बसतो आणि एकाचेही रोजचे काम राहिले तरी सगळ्यांची प्राणशक्ती कमी होते. या गटात आई आणि बाबा दोघेही असलेच पाहिजेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के, तर पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्के जण दिवसभरात घरातले विनामोबदला काम करताना आढळले. काम करणाऱ्यांमध्येही स्त्रियांचा वेळ सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. मुले हे रोज डोळ्यांनी पाहतात. आमच्या गटात बाबांचे कपडे वाळत घालायचे राहिले आणि मुलीच्या पात्राची प्राणशक्ती घटली, तेव्हा तिने ‘बाबा, तुमच्यामुळे मार बसला’ असे सरळ सांगितले, आणि त्यांनी रात्री उठून बादली गच्चीवर नेली. कोणतेही बक्षीस हे करू शकले नसते.

उणिवा आहेत. खूण करणारा स्वतःच असल्याने काम झाले की नाही हे घरातल्या माणसांनीच पाहावे लागते. काम जितके जास्त दुर्लक्षित, तितके ते लाल होत जाते आणि पुढे ते पूर्ण केल्यावर नाणीही जास्त मिळतात. हुशार मुलाला हे लवकर कळते, म्हणून तुंबलेल्या कामांकडे आठवड्यातून एकदा पालकांनी बघावे. आम्ही हे अ‍ॅप इंग्रजीतच वापरतो, पण कामांची नावे देवनागरीत लिहिता येतात. परीक्षा, आजारपण किंवा गावी जाणे असेल तेव्हा नुकसान थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे; ती गणपतीत आणि दिवाळीत आठवणीने वापरावी.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून मोठ्या मुलाचे खाते काढतानाही पालकांनी शेजारी बसावे आणि पात्राला टोपणनाव द्यावे. ज्या घरात किमान दोन मोठी माणसे स्वतःची कामे त्याच यादीत लिहायला तयार आहेत, त्या घराला मी हे अ‍ॅप निःशंकपणे सुचवेन. पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी फ्रिजवर चिकटवलेला कागदी तक्ताच बरा.