सांडपाण्यावरच्या काळ्या रानात बायोचार आणि कंपोस्ट: दोन हंगामांनंतर

सांडपाण्यातून रानात आलेल्या कॅडमियम आणि शिशासाठी बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) आणि कंपोस्टचा उपाय चालतो. पण धातू रानातून जात नाही, मातीला धरून बसतो. त्यामुळे 'एकूण कॅडमियम' तपासून काहीच फरक दिसत नाही; लॅबला डीटीपीए पद्धतीने (या रसायनाने मातीतून धातू काढून) उपलब्ध, म्हणजे पिकाला उचलता येणारा धातू मोजायला सांगा, सोबत पाल्याचा नमुनाही द्या. पाला तीन पाण्यांनी धुऊनच द्यायचा, कारण न धुतलेल्या पालकात दिसणारं शिसं बरंचसं पानांवरच्या चिखलाचं असतं. आकडा कोरड्या वजनावर आहे की ओल्या, तेही विचारून घ्या. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) पालेभाजीची मर्यादा (किलोला कॅडमियम 0.2, शिसं 0.3 मिलिग्रॅम) ओल्या वजनावर आहे. पालकात नव्वद टक्क्यांवर पाणी, त्यामुळे कोरड्या वजनाचा आकडा दहापट फुगलेला येतो आणि लोक उगाच घाबरतात.

खरी अडचण मात्रेची. पत्रकावर बायोचार मातीच्या वजनाच्या 'एक टक्का' लिहिलेला असतो. वरच्या 15 सेंटीमीटर मातीचं वजन एकरी साधारण 900 टन. एक टक्का म्हणजे 9 टन, गुंठ्याला सव्वादोनशे किलो! विकत घेऊन हे परवडत नाही. तुराट्या-पऱ्हाट्या खड्ड्यात जाळून बायोचार घरी करता येतो, पण वाळलेल्या काड्यांच्या जेमतेम चौथाई कोळसा हाती येतो. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा आणि शेवटी भरपूर पाण्याने विझवायचं, नाहीतर सकाळी नुसती राखच सापडते. आधी दोन गुंठेच करा, शेजारी एक वाफा तसाच ठेवा.

कोरा कोळसा रानात टाकू नये. तो नत्र ओढून घेतो आणि पालक पिवळा पडतो. कंपोस्ट समप्रमाणात मिसळून, गोबरगॅसच्या स्लरीने ओला करून दोन-तीन आठवडे मुरवा. मग वाफशावर पसरून रोटाव्हेटर उभा-आडवा फिरवा. पसरताना कोळसा ओलाच हवा. कोरडी भुकटी वाऱ्यावर जाते आणि छातीतही. कॅडमियमबरोबर जस्तही अडकतं, म्हणून एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्यावं. मुळाशी जस्त कॅडमियमची वाटही थोडी अडवतं.

शहरी कंपोस्ट घेताना रिपोर्ट मागाच. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोला 5 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालतं, म्हणजे औषधातूनच रोग यायची सोय. पोटॅशसाठी एमओपी (पोटॅशियम क्लोराइड) टाळून एसओपी (पोटॅशियम सल्फेट) वापरा; क्लोराइडमुळे कॅडमियम सुटतं आणि पिकात जातं. चुना इथे फुकट जातो, काळ्या जमिनीचा सामू आधीच आठच्या आसपास असतो. कोकणातल्या आंबट तांबड्या जमिनीत मात्र चुन्यापासूनच सुरुवात करावी.

आर्सेनिक असेल तर हा सगळा हिशेब विसरा. तिथे स्फुरदाचा जादा डोस आर्सेनिकला उलट मोकळं करतो.

आणि नाल्याचं पाणी चालूच असेल तर दर पाळीला नवा धातू येत राहणार. पाण्याची सोय होईपर्यंत त्या रानात झेंडू लावावा. पालक, मेथी, चाकवत नको.