‘दूध उतू गेलं’ इंग्रजीत कसं लिहायचं? गोष्टींच्या वर्कबुकसोबत नऊ महिने

मागच्या जूनमध्ये मुलगी सातवीत गेली, तेव्हा नाशिकच्या मेन रोडवरून हे इंग्रजी लेखनाचं वर्कबुक आणलं. आता मार्च लागला. आठवड्यातून तीन संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास, स्वयंपाक उरकल्यावर आम्ही दोघी बसतो. गणपती, दिवाळी आणि सहामाही सोडली तर फारसा खंड पडला नाही. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण याच धाटणीची आणखी पुस्तकं दुकानात दिसली आणि मला सांगायचं आहे ते पद्धतीबद्दल.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. मालाची आवक-जावक, नोंदी, पुरवठादारांना मेल. शाळेत मला इंग्रजी पाचवीपासून होतं. राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तोवर मी आठवीत पोचले होते. मुलगी सेमी इंग्रजीत आहे. गणित-विज्ञानाच्या इंग्रजी व्याख्या तिला पाठ येतात, पण ‘काल काय झालं ते पाच ओळीत लिही’ म्हटलं की पेन थांबतं. पुस्तक तिच्यासाठी घेतलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी माझीही वही घातली.

पुस्तकात २४ गोष्टी आहेत, प्रत्येक साधारण एक पानाची. सगळ्या लहान मुलावर पडलेल्या एखाद्या जबाबदारीच्या. एक मुलगा पहाटे सायकलवर पेपर टाकतो, एकीकडे शेजाऱ्यांची मांजर आठवडाभर सांभाळायला दिलेली असते, एकाकडे घराची किल्ली असते आणि तो ती हरवतो. गोष्टीनंतर प्रश्न, गाळलेल्या जागा, मग तीच गोष्ट ‘तो’ऐवजी ‘मी’ करून लिहायची आणि शेवटी स्वतःच्या आठवणीतला शंभर शब्दांचा परिच्छेद. गाळलेल्या जागा कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळतात. या पुस्तकाची खरी किंमत त्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

जबाबदारीच्या गोष्टीत तीन गोष्टी येतातच: काय करायचं होतं, प्रत्यक्षात काय केलं आणि काय करायला हवं होतं. मराठीत हे तिन्ही आपण सहज बोलतो. इंग्रजीत प्रत्येकासाठी क्रियापदाची वेगळी जुळणी लागते, आणि आपली मुलं नेमकी तिथे अडखळतात.

पहिला धडा आम्हाला आजीच्या गोळ्यांवरून मिळाला. मुलीने लिहिलं, ‘आय वॉन्टेड टू ब्रिंग ग्रँडमदर्स टॅब्लेट्स.’ व्याकरण बरोबर. पण तिला म्हणायचं होतं की आजीने तिला गोळ्या आणायला सांगितल्या होत्या, ते काम तिचं होतं आणि ती खेळायला निघून गेली. मी विचारलं, तुला आणाव्याशा वाटत होत्या की आणायच्या होत्या? ती म्हणाली, ‘आणायच्या होत्या.’ मग माझ्या लक्षात आलं की मराठीतलं ‘मला आणायचं होतं’ दोन्हीकडे चालतं, इच्छेलाही आणि कामालाही. इंग्रजीत इच्छा असेल तर ‘वॉन्टेड टू’, काम ठरलेलं असेल तर ‘वॉज सपोज्ड टू’. हा ‘सपोज्ड टू’ मला पदवीपर्यंत कुणी समजावला नव्हता. ऐकून माहीत होता, लिहिताना कधी हाताशी आला नाही. त्या संध्याकाळी आम्ही वहीच्या मागच्या पानावर एकाच कामाची सगळी रूपं लिहून काढली. पाणी भरायचं उदाहरण घेतलं, कारण आमच्याकडे सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा ते भरणं मुलीकडे आहे. मी पाणी भरायचे: ‘आय युज्ड टू’. मला भरावं लागलं: ‘आय हॅड टू’. मला भरायचं होतं, म्हणजे काम माझं होतं: ‘आय वॉज सपोज्ड टू’. मी भरायला हवं होतं, पण भरलं नाही: ‘आय शुड हॅव’ आणि पुढे ‘फिल्ड’. ते पान आता कोपऱ्यात मऊ पडलंय, इतकं उलटलं गेलंय.

दुधाची गोष्ट ऑगस्टअखेरची. मी तिला गॅसजवळ उभं करून खाली गेले. बाहेर ढोल वाजायला लागले, ती गॅलरीत गेली, दूध उतू गेलं. त्याच आठवड्यात पुस्तकात ‘तुमच्याकडून झालेली चूक’ असा विषय आला. तिने लिहिलं, ‘द मिल्क वॉज बॉइल्ड ओव्हर.’ मी ‘वॉज’ खोडला. दूध आपलं आपण उतू जातं, ‘द मिल्क बॉइल्ड ओव्हर’ एवढं पुरे. पण वाक्य तिथे थांबलं तर दुधाशिवाय त्यात कुणीच नाही. पुढे ‘बिकॉज’ लावून काय लिहायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी झालं ते असं: ‘द मिल्क बॉइल्ड ओव्हर बिकॉज आय हॅड लेफ्ट द किचन.’ आधी मी निघून गेले, मग दूध गेलं. हा ‘हॅड’ कशासाठी असतो हे तिला तक्त्यातून कधी कळलं नव्हतं, ओट्यावरच्या दुधातून कळलं.

याच ‘हॅड’चा दुसरा त्रास सगळ्याच मराठी माणसांना आहे. आपण म्हणतो, ‘काल आम्ही काळारामाला गेलो होतो.’ म्हणून इंग्रजीत लिहितो, ‘यस्टरडे वी हॅड गॉन’. तिथे साधं ‘वी वेंट’ हवं. मराठीतलं ‘होतो’ नुसत्या होऊन गेलेल्या गोष्टीलाही चालतं, इंग्रजी ‘हॅड’ला मात्र त्याच्यानंतर घडलेली दुसरी गोष्ट लागते. आम्ही एक खूण केली: ‘हॅड’ लिहिला की विचारायचं, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर खोडायचा. तिच्या वहीत जूनमध्ये एका पानावर सहा-सात हॅड होते. आता एखाददुसरा असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

‘हातून’ या शब्दाबद्दल लिहायलाच हवं. ‘माझ्या हातून बरणी फुटली’ याचं मुलीने ‘द जार ब्रोक फ्रॉम माय हँड’ केलं. पुस्तकाच्या उत्तरात ‘आय ब्रोक द जार’ होतं. तिला ते फार कठोर वाटलं. ‘मी काय मुद्दाम फोडली का?’ तिचं बरोबर आहे. तिची आजी ‘माझ्या हातून फुटली गं’ म्हणते तेव्हा ती अंग काढून घेत नाही, ती हळहळते. हात आपलाच असतो, मन त्यात नसतं, हे सगळं त्या एका ‘हातून’मध्ये येतं. इंग्रजीत कर्ता ‘आय’ ठेवायचा आणि मुद्दाम नव्हतं हे सांगायला ‘ॲक्सिडेंटली’ जोडायचा, असं आम्ही ठरवलं. ‘आय ॲक्सिडेंटली ब्रोक द जार’मध्ये आजीची हळहळ नाही, पण मुलीवर अन्यायही नाही.

निरोप-सूचनांच्या वाक्यांचा सरावही इथे आपोआप होतो, कारण गोष्टीतल्या मुलांना सतत कुणीतरी काहीतरी बजावत असतं. ‘आई म्हणाली, मी येईपर्यंत दार उघडू नकोस’ याचं पूर्वी ‘मदर सेड दॅट आय कम’ असं काहीतरी व्हायचं. आता ‘टोल्ड मी नॉट टू ओपन’ सरळ येतं. ‘अ’ आणि ‘द’ मात्र अजून कच्चे आहेत. किल्लीच्या गोष्टीत पहिल्यांदा ‘अ की’ आणि नंतर सगळीकडे ‘द की’ का, एवढं समजलं. पण पुस्तकाने त्यावर दीडच पान दिलंय आणि मराठीत असं काही नसल्यामुळे आपल्याला त्याच्या चौपट हवं. त्यासाठी आम्ही सार्वजनिक वाचनालयातून सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणून त्यात पेन्सिलने खुणा न करता नुसतं बोट ठेवून ‘इथे का?’ असं विचारत वाचतो. १८४० पासूनचं वाचनालय आहे, पुस्तकं जपूनच वापरावी लागतात.

मला स्वतःला झालेला उपयोग नोव्हेंबरमध्ये दिसला. सोमवारच्या दोन आवक-नोंदी माझ्याकडून राहिल्या होत्या. आमच्याकडे अशा वेळी सगळे ‘एंट्री गॉट मिस्ड’ असं लिहितात, मीही लिहायचे, आणि मग चार ओळींचं स्पष्टीकरण. या वेळी लिहिलं, ‘आय मिस्ड टू एंट्रीज ऑन मंडे. आय हॅव करेक्टेड देम.’ सोमवार सांगितला म्हणून पहिल्या वाक्यात साधा भूतकाळ, दुरुस्ती आता झालेली आहे म्हणून दुसऱ्यात ‘हॅव’. पाठवताना छातीत धडधडलं. उत्तरात फक्त आभार आले.

आता उणिवा. उत्तरसूचीत प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलंय, त्यामुळे मुलाचं बरोबर असलेलं दुसरं उत्तरही चूक ठरतं. ‘हॅड टू’च्या जागी ‘नीडेड टू’ चालेल का, हे सांगणारं कुणी नाही. घरात थोडं इंग्रजी येणारं माणूस सोबत बसणार नसेल तर हे पुस्तक घेऊ नका. विरामचिन्हांवर काही नाही. पाचवीच्या खालच्या मुलांना जड जाईल. आणि गोष्टी दूरच्या घरांतल्या आहेत: अंगणातलं गवत कापणं, डिशवॉशर रिकामा करणं. वाचायला हरकत नाही, पण लिहिताना मुलीला सुचेना. मग मी विषय बदलून दिले: धाकट्याला बालवाडीतून आणणं, दळण आणणं, रंगपंचमीला भावाला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाजवळ, एकटं न सोडणं. त्या दिवसापासून शंभर शब्दांचे दीडशे होऊ लागले.

माझी सर्वांत मोठी तक्रार एका गोष्टीबद्दल आहे. त्यात दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला दिवसभर एकटी सांभाळते, शाळा बुडवते, आणि शेवटी आईला तिचा अभिमान वाटतो. प्रश्न असा: ‘ती जबाबदार होती हे कशावरून?’ मी ते पान मुलीला सोडवू दिलं नाही. माझं लहानपण दिंडोरी तालुक्यातलं. आई द्राक्षबागेत मजुरीला जायची. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढे महिनोन्महिने बागेत काम असायचं. बांधावरच्या बाभळीला झोळी, झोळीत भाऊ आणि दोरी माझ्या हातात. मी तेव्हा चौथीत होते. तिसरीतली आणि चौथीतली माझी हजेरी काय होती ते मला अजून आठवतं. आजही सुरगाणा-पेठकडून मजूर येतात तेव्हा बागेच्या कडेला तेवढ्याच वयाच्या मुली तशाच बसलेल्या दिसतात. याला जबाबदारी म्हणून गुण देणारा प्रश्न मुलांच्या पुस्तकात नको.

त्या पानाऐवजी मी माझी गोष्ट लिहिली, इंग्रजीत, दोन रात्री बसून. सुरुवात होती, ‘आय लुक्ड आफ्टर माय ब्रदर.’ मुलीने वाचली. चुका काढायची पाळी तिची होती. तिने पेन्सिल पहिल्याच ओळीवर ठेवली आणि विचारलं, ‘आई, तू सांभाळलंस की तुला सांभाळावं लागलं?’

मी वही तिच्याकडून घेतली आणि ‘आय’नंतर ‘हॅड टू’ घातलं, ‘लुक्ड’चं ‘लुक’ केलं. पुढे एक ओळ होती, भाऊ रडायला लागला की मी त्याला गाणी म्हणून दाखवायचे. तिथेही ती थांबली. मी म्हटलं, हे मात्र लागलं नव्हतं, हे मी करायचे. तिथे तिने ‘युज्ड टू’ तसंच राहू दिलं.