हायफन, अंडरस्कोर की कॅपिटल? वेबसाइटच्या फाइलींना नावं देण्याआधी

दापोली, गुहागर, मालवणात आंब्याच्या किंवा होमस्टेच्या वेबसाइटचं काम बहुधा घरातल्याच शिकलेल्या पोरांकडे येतं, आणि फाइलींना नावं काय द्यायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. माझं मत आधीच सांगतो: जे नाव पत्त्याच्या पट्टीत दिसणार ते सगळं स्मॉल अक्षरांत, शब्दांमध्ये हायफन (-).

अंडरस्कोर (_) दिसायला वाईट नाही. पण लिंकखाली रेघ आली की तो तिच्यात बुडतो आणि गिऱ्हाइकाला तिथे मोकळी जागा वाटते. गूगलही पत्त्यात शब्द तोडायला हायफनच सुचवतं. अंडरस्कोरची खरी जागा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत. तिथे मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या फाइलीच्या, नावात हायफन असला तर ती दुसरीकडे वापरायला आणणारी इम्पोर्टची साधी ओळच चालत नाही.

कॅपिटलचा मात्र मला चटका बसलाय. ऐन एप्रिलात पेटीचा फोटो साइटवर दिसेना. माझ्या विंडोज लॅपटॉपवर सगळं ठीक. फाइलीच्या नावात 'हापूस'चा एच कॅपिटल होता, पानाच्या कोडमध्ये मी स्मॉल लिहिला होता. विंडोज दोन्ही एकच मानतं. साइट ठेवलेला सर्व्हर लिनक्सचा, त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. नाव बदलून पुन्हा चढवलं तरी फरक नाही, कारण विंडोजवरच्या गिटने (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) नुसता कॅपिटल-स्मॉलचा बदल धरलाच नव्हता. 'गिट एमव्ही' कमांडने नाव बदललं तेव्हा फोटो आला. तोवर हंगामातले दोन दिवस गेले होते. रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गोष्ट वेगळी: तिथे कंपोनंटचं (पानाच्या सुट्या भागाचं) नाव कॅपिटलनेच सुरू करावं लागतं, फाइलही तशीच ठेवायचा प्रघात आहे, तो पाळावा.

देवनागरी नावाचा मोह मलाही होतो. पण लिंक कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकली की एकट्या 'हापूस'ची टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली ४५ अक्षरांची माळ होते: ह, काना, प, ऊकार, स या ५ खुणा, साठवताना प्रत्येकीचे ३ बाइट, पत्त्यात दर बाइटला ३ अक्षरं (% आणि पुढे दोन). म्हणून रोमन. त्यातही 'गणपतीपुळे' लिहिताना एननंतर कोणी ए घालतं, कोणी नाही, आणि एकाच गावाचे दोन फोल्डर होतात. गावांची नि आंब्याच्या जातींची स्पेलिंगं आधीच एका जागी लिहून ठेवा.

फोल्डर प्रकारावरून (फोटो, स्टाइल, स्क्रिप्ट) की विषयावरून (खोल्या, जेवण, आंबा)? आठ-दहा पानांना प्रकार पुरतो; बुकिंग, ऑर्डर असं काम वाढलं की विषयच बरा. फोटोंना तारीख लावाल तर २०२५-०४-१२ अशी, वर्ष आधी. दिवस आधी लावला की यादीत एप्रिलचे आणि मेचे फोटो एकमेकांत मिसळतात.